चाकांचे बूट आणि पायाचे माप

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा असून इनलाइन हॉकी शिकू इच्छितो. पाय वाढता आहे, म्हणून दोन मापे मोठे स्केट घ्यावेत काय?
– एक पालक, भोकर

उत्तर : मुळीच घेऊ नयेत. नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेतील हॉकीत खेळाडूचा पाय भूमीवर असतो. इनलाइन हॉकीत मात्र तो एका ओळीतील चार चाकांवर तोललेला असल्याने, टाच बुटात तसूभर जरी उचलली गेली तरी घोट्याचे बळ चाकांपर्यंत न पोहोचता वाटेतच व्यर्थ जाते आणि वळताना पाय मुरगळतो. सायंकाळी, पाय किंचित फुगलेला असताना, खेळातलेच पातळ मोजे घालून, टाच मागे ठोकून नाड्या आवळाव्यात. उभे असता बोटे पुढच्या टोकास निसटती लागतात आणि गुडघे वाकवताच मागे सरतात, याची खातरजमा झाल्याखेरीज पैसे मोजू नयेत. हे माप नेहमीच्या बुटाहून बहुधा एक-दीड अंकाने लहान निघते; त्याने बिचकू नये.

सराव सिमेंटवर होणार असेल, तर गुळगुळीत सभागृहासाठी केलेली ७४ए-७६ए प्रतीची मऊ चाके झपाट्याने झिजतात. ८२ए-८४ए कठीणपणाची घ्यावीत. काटकसर करणे भागच असेल तर ती स्टिकमध्ये करावी. शिरस्त्राण, हातमोजे, कोपर आणि नडगीची संरक्षके यांत कदापि नको.