साल कापली की संत्री टिकतात?

प्रश्न : आमच्या संत्र्याला आंबिया बहाराची फुलं ढिगानं येतात, पण पुढे फळगळ होते. खोडाच्या सालीचं कडं कापलं की गळ थांबते म्हणतात. झाडाला जखम करून फळं कशी वाढतील? (एक बागायतदार, मोर्शी)

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धंच.

झाडात दोन वाटा असतात. मुळांनी ओढलेलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं. पानांनी केलेली साखर सालीतल्या रसवाहिन्यांतून खाली मुळांकडे जाते. फक्त सालीचं कडं कापलं की पाणी चालू राहतं आणि साखर वरच अडते. सतराव्या शतकात इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी हे करून पाहिलं, तेव्हा कापाच्या वरच्या बाजूला साल सुजून आली. ही अडलेली साखर नुकत्या धरलेल्या फळांना मिळते. संत्र्यात शंभर फुलांमागे एखाद-दोन फळं टिकली तरी पुष्कळ. बाकीची गळतात, त्याचं एक मोठं कारण उपासमार. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाकडे क्लेमेंटाइनच्या बागांत हे काम नेहमीचं. आपल्या नाशिकचे द्राक्षवाले मणी फुगवायला हेच करतात आणि त्याला सरळ गर्डलिंग म्हणतात.

मात्र कड्यानं साखर नवी तयार होत नाही. ती मुळांच्या ताटातून उचललेली असते. डिसेंबरात पाणी तोडून तुम्ही झाडाला एकदा ताण देताच. त्यावर मुळंही उपाशी ठेवायची का, हे झाडाकडे बघून ठरवा. पानं पिवळी, शेंडे वाळलेले, बुंध्याशी डिंक ओघळतोय, अशा झाडाला चाकू लावूच नका. डिंक्याच्या बुरशीला ओली जखम म्हणजे उघडं दार.

झाड ठणठणीत असेल तर खोड सोडा, एखादी अंगठ्याहून जाड फांदी निवडा. पाकळ्या झडून फळं बारीक असताना धारदार चाकूनं एकच फेरा मारा. चाकू खालच्या पांढऱ्या, निसरड्या लाकडाला टेकला की थांबायचं; लाकडात घुसला तर पाण्याची वाटही तुटते. साल काढायचीच तर दोन-तीन मिलिमीटरची पट्टी, त्याहून रुंद नाही. एवढी भेग महिना-दीड महिन्यात भरून येते. बोटभर रुंद पट्टी भरत नाही. नको असलेलं झाड उभ्या उभ्या मारायचीही हीच युक्ती आहे, हे विसरू नका! पुढच्या वर्षी त्या फांदीला विश्रांती.

एका झाडाचा चाकू दुसऱ्याला लावण्याआधी ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढा, कारण लिंबूवर्गातले काही रोग पात्यावरूनच पसरतात. शेजारची तेवढ्याच जाडीची फांदी न कापता ठेवा आणि दोन्हींवरची फळं त्याच दिवशी मोजून वहीत लिहा. मेअखेरीस पुन्हा मोजा.