इसहाक विचारीत होता (उत्पत्ति 27)

करडांच्या कातड्यांची गोष्ट शब्बाथ शाळेतील मुलांना फार आवडते. याकोबाने ती हातांना व मानेला लावली असे सांगताच वर्गात हशा पिकतो. आम्हीही हा पाठ कित्येकदा हसतहसत शिकविला आहे. एका रविवारी मात्र मागल्या बाकावरील एक वृद्ध बंधू हसले नाहीत. "मास्तर, तो म्हातारा विचारीत होता हो," एवढेच ते बोलले. त्यांच्या घराचे कागद आदल्या वर्षी मुलाच्या नावे झाल्याचे आम्हांस मागाहून कळले.

घरी येऊन आम्ही तो अध्याय इसहाकाच्या बाजूने वाचला. खरेच, तो विचारीतच होता. तू कोण? शिकार इतक्या लवकर कशी मिळाली? जवळ ये, चाचपून पाहू दे. दृष्टी गेल्यावर माणसाजवळ जे उरते, म्हणजे कान, हात, जीभ व नाक, ते सारे त्याने वापरले. हातांसाठी कातडी, नाकासाठी एसावाची वस्त्रे, जिभेसाठी रुचकर पक्वान्न, अशी तजवीज घरातच झाली होती. कान फसले नाहीत. आवाज याकोबाचा आहे हे त्याने बोलूनही दाखविले. आणि शिकारीच्या प्रश्नाला याकोबाने उत्तर दिले ते परमेश्वराचे नाव पुढे करून!

रिबकेला जन्मापूर्वीचे वचन ठाऊक होते, असे तिच्या बाजूने सांगतात. असेल. पण त्यासाठी आंधळ्या नवऱ्याला फसव, असे देवाने तिला सांगितले नव्हते.

वृद्धांचा छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मारझोड येते. पेन्शनचे पासबुक काढून घेणे, न वाचता अंगठा उठवून घेणे, "तुम्हांला काय कळते?" म्हणून गप्प बसविणे, यांस आपण घरगुती बाब म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यातील 23 व्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. मात्र अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितले. म्हणून बक्षीसपत्र करणाऱ्याने ती अट कागदावरच लिहवून घ्यावी. मुलावर अविश्वास दाखविणे बरे दिसत नाही, असे मंडळीत पुष्कळांना वाटते. आम्हांस ते पटत नाही. साक्षीदार घेऊन करार तर अब्राहामानेही केले. पैशाअभावी हाल होत असतील तर त्याच न्यायाधिकरणाकडे पोटगी मागता येते. 14567 या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. वडीलजनांनी घरभेटीत हे सांगावे, आणि वृद्धांशी थोडा वेळ एकांतात बोलावे. सून चहा घेऊन उभी असताना कोणी खरे बोलत नाही.

एसाव आला तेव्हा इसहाक थरथर कापला. एसावाचे रडणे आपण शिकवितो, हे कापणे वगळतो. त्यानंतरही तो पुष्कळ वर्षे जगला. मरणसमयी त्याचे वय 180 होते. त्या वर्षांत त्याच्याजवळ कोण बसत असे? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात विचारावा, आणि मागल्या बाकावर कोणी आजीआजोबा असतील तर पहिले उत्तर त्यांना देऊ द्यावे.