गाडीला थंड हवेची नळी : बनविण्यापूर्वी आणि बनविताना

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील दुकानांपासून तालुक्याच्या गावातील एका शटरच्या गॅरेजपर्यंत हे काम चालते. अलीकडे त्यांच्याकडे तरुण गिऱ्हाईक मोबाईलवर एक चित्र घेऊन येते : इंजिनाशेजारी चकाकती नळी आणि तिच्या टोकाला शंकूसारखा लाल फिल्टर. "उस्ताद, अशी बसवून द्या, पिकअप वाढेल." यालाच कोल्ड एअर इनटेक म्हणतात. तयार संच महाग पडतो, म्हणून तो इथेच बनवून हवा असतो. पत्रा, नळी आणि वेल्डिंग जाणणाऱ्या कारागिराला हे काम एका दिवसाचे आहे. परंतु आम्ही पाहिले ते असे की, पुष्कळ ठिकाणी बसविली जाते ती गरम हवेची नळी असते आणि पैसे मात्र थंड हवेचे घेतले जातात.

हे कसे होते ते समजून घेऊ. १ किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिन हवा ओढते मापाने, पण जळण्याचा हिशोब चालतो वजनावर. हवा तापली की फुगते आणि तेवढ्याच मापात वजनाने कमी भरते. बॉनेटखालची हवा ६० अंश आणि बाहेरची ३५ अंश सेल्सिअस धरली, तर बाहेरची हवा सुमारे ८ टक्के जड निघते. कारागिराने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे : दर ३ अंशांच्या थंडाव्याला साधारण १ टक्का वजन.

आता कोणी म्हणेल, ८ टक्के म्हणजे चांगलीच कमाई झाली. तसे नाही. बहुतेक कंपन्यांनी हवा आधीच बाहेरून, जाळीमागून किंवा हेडलाईटच्या बाजूने घेतलेली असते. तिथे चालत्या गाडीत फरक दोन-तीन अंशांचाच राहतो. म्हणून पहिले काम कापाकापीचे नव्हे, कंपनीच्या डब्याचे तोंड कुठे उघडते ते पाहण्याचे आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्यांत तर उन्हाळा आणि हिवाळा अशी दोन तोंडे असत. हिवाळ्याचे तोंड सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरून गरम हवा घेई. आतली झडप गंजून गरम बाजूला अडकलेली असेल तर ती मोकळी करणे हाच पूर्ण इलाज होय, आणि मजुरीही तेवढीच घ्यावी.

आमचीच एक चूक सांगतो. एका गिऱ्हाईकाला आम्ही कंपनीचा डबा काढून उघडा शंकू फिल्टर इंजिनाशेजारी बसवून दिला. आवाज जोरदार येऊ लागला, गिऱ्हाईक खूश झाले. पुढे स्कॅनर लावून पाहिले तर सिग्नलवर उभ्या गाडीत आत जाणारी हवा जुन्या डब्यापेक्षा अधिक गरम निघाली. आवाज वाढला होता आणि ताकद कमी झाली होती. पैसे परत करावे लागले, ते योग्यच झाले.

यावरून ध्यानात येईल की खरा माल नळी नसून डबा आहे. ॲल्युमिनियमचा किंवा जीआय पत्र्याचा डबा असा करावा की फिल्टर इंजिनापासून सर्व बाजूंनी झाकला जाईल. वरची बाजू बॉनेटला टेकते तिथे रबराची बीडिंग लावावी. डब्याला हवा जाळीमागून साधारण ७५ मिलिमीटरच्या लवचिक पाईपने आणावी. तळाला बारीक भोक ठेवावे, म्हणजे पावसाचे थेंब साचणार नाहीत. नळी कितीही चमकवली आणि डबाच नसला तर सगळे व्यर्थ.

नळीचा आतला व्यास थ्रॉटल बॉडीच्या किंवा कंपनीच्या होजच्या बरोबरीचा असावा. मोठी नळी म्हणजे जास्त ताकद हा गैरसमज आहे. १३०० सीसीचे इंजिन ६००० फेऱ्यांना सेकंदाला जास्तीत जास्त ६५ लिटर हवा ओढेल. ६० मिलिमीटरच्या नळीतून ती सेकंदाला २३ मीटर वेगाने जाते. त्यात गैर काही नाही. प्लंबरचा पीव्हीसी पाईप स्वस्त मिळतो, पण तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, तेव्हा मॅनिफोल्डजवळ तो नकोच. इंजिन आपल्या माउंटिंगवर हलते, म्हणून नळीची दोन्ही टोके पक्की आवळू नयेत. मध्ये रबरी जोड आणि होज क्लिप द्यावी.

इथे एक गोष्ट आमच्या कारागीर बांधवांनी मनावर घ्यावी. नळी वाकविताना ती चपटी होऊ नये म्हणून आपण आत कोरडी रेती भरतो. पद्धत चांगली, पण ही नळी फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला बसते. तिच्यात राहिलेला रेतीचा कण किंवा वेल्डिंगचा दाणा थेट सिलिंडरात जाईल आणि मध्ये अडविणारे काही नसेल. आतून घासावी, धुवावी, वाळवावी, पांढरे फडके ओढून पाहावे. फडके स्वच्छ निघेपर्यंत नळी बसवू नये.

हवेचे माप घेणारा एअर फ्लो सेन्सर नळीवर असेल तर त्याचे मूळ घर तसेच ठेवावे आणि त्यापुढे-मागे सरळ भाग राखावा. समजा घर ६० ऐवजी ६६ मिलिमीटरचे केले. क्षेत्रफळ २१ टक्के वाढते, हवा तेवढी हळू वाहते आणि सेन्सर सुमारे १७ टक्के कमी हवा सांगतो. पेट्रोलही तेवढेच कमी सुटते. काही काळ संगणक सांभाळून घेतो, मग दिवा लागतो किंवा चढावर इंजिन खटखटते. तेल लावलेला कापडी फिल्टर असेल तर तेल बेताने लावावे, नाहीतर ते सेन्सरच्या तारेवर बसते. टॅपेट कव्हरवरून येणाऱ्या श्वासनळीला नव्या नळीवर जागा करून द्यावी, ती सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला. तिला चिंधी कोंबून मोकळी सोडणारे मेकॅनिक आम्ही पाहिले आहेत.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. परदेशी चित्रांत नळीचे तोंड खाली बंपरमागे नेलेले दिसते. आपल्या मुंबई, भिवंडी, महाडच्या पावसाळ्यात हे करू नये. चार सिलिंडरच्या १३०० सीसी इंजिनात एका सिलिंडरचे माप ३२५ सीसी. दाबाचे प्रमाण ९ असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ४० सीसी, म्हणजे अर्ध्या कटिंग चहाएवढी. पाणी दाबले जात नाही. त्याहून अधिक पाणी आत गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात स्टार्टर मारून लोकांनी आपली इंजिने घालविली. म्हणून तोंड कंपनीच्या मूळ तोंडापेक्षा खाली नेऊ नये.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांवर बंधन घालते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल करता येणार नाही असे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तेव्हा बॉडीला भोके पाडू नयेत, कंपनीचा डबा कापू नये. तो पुसून, कागदात गुंडाळून गिऱ्हाईकाच्या हाती द्यावा. वॉरंटीतील गाडी घेऊच नये.

राहिला भाव. ॲव्हरेज वाढेल असे सांगून हे काम विकू नये. हळू चालविताना इंजिन तेवढीच हवा घेते जेवढी पायाखालचा पेडल देतो. गाडीत सोय असेल तर बसविण्यापूर्वी आणि नंतर, सिग्नलवर उभी असताना व ४० च्या वेगाने चालताना, आत जाणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर वाचावे आणि चारही आकडे बिलावर लिहून द्यावेत. नंतरचे आकडे खाली आले नसतील तर जुना डबा परत बसवून द्यावा आणि नळीचे पैसे मागू नयेत.