तात्पुरत्या जागेचा हिशेब

१. टेबल व्हेरिएबल मेमरीत राहतं आणि टेम्प टेबल डिस्कवर, असं मी एसक्यूएल सर्व्हरवर काम करताना कित्येक वर्षं मानत आलो. हाताखालच्या मुलांनाही तेच शिकवलं. मग एकदा दोन्हींत लाखभर ओळी भरून टेम्पडीबीतली जागा मोजली, तर दोघांचाही मुक्काम तिथेच! लहान असली तर दोन्हींची पानं मेमरीत राहतात, फुगली की दोन्हींची डिस्कवर जाऊ शकतात. माझी समजूत मी बदलली. त्या मुलांनी ती पुढे किती जणांना सांगितली असेल, याची रुखरुख अजून आहे.

२. खरा फरक आकडेवारीचा निघाला, आणि तो मला एका महिनाअखेरीने शिकवला. टेस्ट सर्व्हरवर पन्नास ओळींसाठी क्षणात येणारा रिपोर्ट खऱ्या डेटावर सकाळपर्यंत संपेना. टेम्प टेबलमध्ये किती आणि कोणत्या किमती आहेत, याचे स्टॅटिस्टिक्स सर्व्हर बनवतो. टेबल व्हेरिएबलसाठी बनवतच नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये तो सहसा एकच ओळ धरून चालायचा. एका पानाच्या अंदाजाने कुकर लावावा आणि दारात अख्खी पंगत उभी राहावी, तसं झालं. एका ओळीसाठी निवडलेला नेस्टेड लूप लाखो वेळा फिरत होता. व्हेरिएबलच्या जागी टेम्प टेबल घातलं, तोच रिपोर्ट काही मिनिटांत आला. २०१९ च्या आवृत्तीत, कम्पॅटिबिलिटी लेव्हल १५० असेल, तर पहिल्या वेळी खरी संख्या पाहून प्लॅन बनतो. पण कळते ती फक्त संख्या. कोणत्या ग्राहकाच्या ओळी जास्त, कोणाच्या कमी, हे तेव्हाही कळत नाही.

३. रोलबॅक टेबल व्हेरिएबलला शिवत नाही. हे उशिरा कळलं, आणि त्याचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. आधी मी चुकलेल्या नोंदी ट्रान्झॅक्शनच्या आतच टेम्प टेबलमध्ये जमवायचो. ट्रान्झॅक्शन मागे फिरली की त्या नोंदीही जायच्या, आणि काय बिघडलं ते शोधायला हाती काहीच उरायचं नाही. आता त्या नोंदी टेबल व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि रोलबॅकनंतर कायमच्या टेबलात उतरवतो.

४. सीटीई (कॉमन टेबल एक्स्प्रेशन) ही तर साठवण नव्हेच. क्वेरीत ती दोनदा वापरली, तर आतलं काम सहसा दोनदा होतं.

५. दोन हॅशवालं ग्लोबल टेम्प टेबल मी एकदाच वापरलं. दोघांनी एकाच वेळी प्रोसीजर चालवली आणि दुसऱ्याला ‘हे टेबल आधीच आहे’ अशी एरर आली. एका हॅशच्या टेबलला सर्व्हर आतून वेगळं नाव देतो, म्हणून तिथे असं होत नाही. शिवाय आतल्या प्रोसीजरला आणि डायनॅमिक क्वेरीलाही ते दिसतं.

६. एवढं होऊनही, दिवसात हजारो वेळा चालणाऱ्या प्रोसीजरमध्ये वीस-पंचवीस आयडींची यादी धरायची असेल, तर मी टेबल व्हेरिएबलच लिहितो. स्टॅटिस्टिक्स नाहीत, म्हणून ते बदलले की होणारं रिकम्पाइलही नाही. फक्त शेजारी एक कॉमेंट टाकतो: ‘ओळी शंभरावर गेल्या तर इथे पुन्हा बघा.’