औषध लावलेलें बीं आणि न विरणारें विष

गव्हास काणी लागूं नये म्हणून पेरणीपूर्वीं बियांस औषध चोळण्याची रीत वाचकांस ठाऊक आहेच. हेक्झाक्लोरोबेंझीन हें अशाच औषधांपैकीं एक होतें. रासायनिक कारखान्यांतही क्लोरीनयुक्त द्रव्यें करितांना तें आपोआप निपजतें. तें लवकर नासत नाहीं, पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, व पोटांत गेल्यास चरबींत मुरून वर्षानुवर्षें राहतें. तेव्हां टंचाईंत उरलेलें बीं धुऊन दळावें, हा विचार घातक होय.

इ. स. १९५५ ते १९५९ या काळांत आग्नेय तुर्कस्तानांत सरकारनें पेरणीसाठीं वांटलेला असा गहूं लोकांनीं दळून खाल्ला. सुमारें ३,००० ते ४,००० माणसें आजारी पडलीं. ऊन लागतांच हातातोंडावर फोड येत, कातडी काळवंडे, मुलांच्या अंगावर दाट केस उगवत आणि लघवी तांबडी होई. पण खरा घाला पडला तो अंगावर पिणाऱ्या बालकांवर. त्यांनीं गव्हाचा कणही खाल्ला नव्हता. विष आलें तें आईच्या दुधांतून. कित्येक गांवांत दोन ते पांच वर्षांचें मूल म्हणून उरलें नाहीं. तेथील लोक या रोगास ‘पेंबे यारा’, म्हणजे गुलाबी जखम, म्हणत.

१९५९ सालीं तेथें हें औषध बंद झालें. २००१ च्या स्टॉकहोम करारांतील पहिल्या १२ टिकाऊ विषांत त्याची गणना झाली. परंतु त्या रोगांतून वांचलेल्या मुली पुढें आया झाल्या, तेव्हां वीसांहून अधिक वर्षें लोटलीं असतांही त्यांच्या दुधांत तें विष आढळलें.