पनवेलचा रस्ता आणि आपली उसाची ट्रॉली
(सभासद शिक्षण पाठमाला)



आजवर या पाठमालेत बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट, ठिबक असे विषय आपण घेतले. यावेळचा विषय बांधाबाहेरचा आहे. ऊस तुटला, मोळ्या बांधल्या, ट्रॉली भरली, स्लिप हातात पडली की सभासदाला वाटते, सुटलो एकदाचे! पण फडापासून गव्हाणीपर्यंतचा रस्ता हाही ऊसशेतीचाच भाग आहे. त्या रस्त्यावर माणूस दगावला तर कोणत्याही भावाने त्याची भरपाई होत नाही.

सरकार आणि उद्योगधंदे यांनी एकत्र येऊन वाहतुकीचे संशोधन केले, तर काय साधते याचे एक उदाहरण पनवेलच्या रस्त्यावर पाहायला मिळते. ते आज समजून घेऊ आणि त्यातले आपल्या ट्रॉलीला काय लागू पडते ते पाहू.

१. चाकांचे गाव पनवेल

पनवेल आणि गाडी यांचे नाते जुने आहे. जुन्या सरकारी गॅझेटियरात पनवेलची नोंद गाडीची चाके बनवणारे गाव अशी आहे. बोरघाटातला गाडीरस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला. देशावरचा माल बैलगाडीने घाट उतरायचा, पनवेलला यायचा आणि तेथून खाडीतून होडीने मुंबईला जायचा. ज्या गावात गाड्या मुक्काम करतात तेथे सुतार-लोहाराला काम मिळणारच.

पुढे काळ बदलला. शेजारी न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले आणि त्याने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बांधला. सहा पदरी, सुमारे ९५ किलोमीटरचा हा रस्ता पनवेलजवळ कळंबोलीला सुरू होतो. २००२ पासून तो पूर्ण वापरात आहे. साखर निर्यातीला परवानगी असते त्या साली आपल्या भागाची पोती पनवेलवरूनच बंदराकडे जातात. म्हणजे पनवेल आपल्याला वाटते तितके परके नाही.

२. माती परीक्षण आणि अपघात परीक्षण

रस्ता झाला, वेग आला आणि वेगाबरोबर अपघातही आले. सुरुवातीला लोक नेहमीप्रमाणे बोलत. कुणी म्हणे जागा वाईट आहे, कुणी म्हणे ड्रायव्हर पिलेला असणार, कुणी म्हणे वेळ भरली होती. अशा बोलण्यातून इलाज सापडत नाही. पीक पिवळे पडले म्हणून मनाला येईल ते खत टाकणारा शेतकरी आणि अपघात झाला की मनाला येईल ते कारण सांगणारा माणूस, दोघांची चूक एकच. अगोदर परीक्षण पाहिजे.

ते परीक्षण पुढे सुरू झाले. मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांनी पैसे घालून २०११ पासून देशात अपघातांची शास्त्रीय नोंद ठेवण्याचे काम चालू केले. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘रासी’. जे. पी. रिसर्च इंडिया या संस्थेची माणसे द्रुतगती मार्गावरच्या अपघातस्थळी जात. टायरच्या खुणा, पत्रा कुठे किती दबला, कठडा होता की नव्हता, पट्टा बांधला होता का, हे सर्व टेप लावून, फोटो काढून लिहीत. गुन्हा कोणाचा, हे ठरवणे पोलिसांचे काम. या मंडळींचे प्रश्न वेगळे होते. अपघात कशाने झाला? झाल्यावर माणूस कशाने मेला? आणि त्यात ड्रायव्हरचा भाग किती, गाडीचा किती, रस्त्याचा किती?

यातून ध्यानात आले की एका अपघाताला बहुधा एकच कारण नसते. ड्रायव्हर पेंगला ही त्याची चूक खरी. पण रस्त्याकडेला उघडा खडक किंवा पुलाचा खांब होता म्हणून ती चूक जिवावर बेतली. ट्रक पंक्चर होऊन कडेला उभा राहिला, हे कोणाच्याही बाबतीत घडेल. पण मागे काही खूण नव्हती म्हणून मागची मोटार त्याच्यावर आदळली.

३. चौघे एकत्र आले

२०१६ मध्ये या मार्गावर ‘शून्य मृत्यू मार्ग’ असा उपक्रम सुरू झाला. त्यात चार भागीदार होते. रस्ता ज्यांचा ते रस्ते विकास महामंडळ, कायदा ज्यांच्या हाती ते महामार्ग पोलीस, रस्तासुरक्षेचे काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था आणि महिंद्रा अँड महिंद्रा कंपनी. ज्या कंपनीचे ट्रॅक्टर आपल्या शिवारात ट्रॉली ओढतात, तीच ही कंपनी.

कामाची वाटणीही चार प्रकारची होती. पहिले रस्त्याची दुरुस्ती. उघडे खडक व खांब कठड्याने झाकणे, कठड्याची टोके सुधारणे, दिशादर्शक व चकाकणाऱ्या पट्ट्या लावणे. दुसरे कायद्याचा अंमल. वेग, लेन तोडणे आणि कडेला गाडी उभी करणे यांवर नजर. तिसरे जखमीला लवकर इलाज. चौथे ड्रायव्हर लोकांचे शिक्षण.

फळ काय मिळाले? २०१६ साली या मार्गावर १५१ माणसे मेली होती. २०१९ मध्ये हा आकडा ९२ वर आला. २०२० मध्ये तो ६६ होता, पण ते टाळेबंदीचे वर्ष, गाड्याच कमी होत्या, म्हणून त्याचे श्रेय एकट्या उपक्रमाला देणे बरोबर नाही. पुढच्या वर्षांत आकडा पुन्हा वर-खाली झाला. नाव शून्य मृत्यूचे, पण शून्य अजून दूर आहे. २०२४ मध्ये या मार्गावर वेग आणि लेन तपासणारे कॅमेरेही चालू झाले. म्हणजे हे काम एकदा करून सोडायचे नाही. तण काढल्यासारखे आहे, दर हंगामाला खुरपे घ्यावेच लागते.

४. अंधारातला हिशेब

आता आपल्या रस्त्यावर येऊ. आपल्याकडे सहा पदर नाहीत, कठडे नाहीत. पण हंगामात रात्रंदिवस ट्रॅक्टर, ट्रक, अंगद, बैलगाड्या चालतात. येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे.

डिप्लोमा करून मी एका दुसऱ्या कारखान्यात फिल्डमन म्हणून नवीन लागलो होतो. एका संध्याकाळी मीच स्लिप दिलेली ट्रॉली वाटेत पंक्चर झाली. ड्रायव्हर जॅक आणायला गेला. अवसेच्या आसपासची रात्र होती. पहाटे डेअरीला दूध घेऊन निघालेला एका सभासदाचा मुलगा मोटारसायकलसह मागून ट्रॉलीत शिरला. मी पोहोचलो तेव्हा किटल्या उताण्या पडल्या होत्या आणि दूध डांबरावर पसरले होते. पोरगा गेला. गावाने म्हटले, त्याची वेळ आली होती. मीही तेच म्हणून मान हलवली. पुष्कळ वर्षांनी हा अपघाताचा अभ्यास वाचला, तेव्हा मला आठवले की स्लिप देताना मी उसाचा वाण पाहिला, तारीख पाहिली, पण ट्रॉलीच्या पाठीमागे जाऊन काही पाहिले नव्हते.

हिशेब मांडू. मोटारसायकल ताशी ६० किलोमीटरने चालली, तर एका सेकंदात ती सुमारे १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर गेले. नंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २३ मीटर. एकूण ४८ मीटर, म्हणजे जवळजवळ १६० फूट. आता डिपर मारलेल्या दिव्यात मळकट ट्रॉली आणि लोंबणारा ऊस ४० मीटरवरून दिसला तरी नशीब म्हणायचे. चाळीसवर दिसते आणि थांबायला अठ्ठेचाळीस लागतात. मधले आठ मीटर म्हणजेच अपघात. त्यात वेळ आली होती की नव्हती हा प्रश्नच येत नाही, ही साधी वजाबाकी आहे.

यावरचा उपाय म्हणजे आपण ज्याला ‘रेडियम’ म्हणतो ती पट्टी. खरे तर तिच्यात रेडियम नसते. काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा बारीक त्रिकोणी कण तिच्यात बसवलेले असतात. साधा रंग पडलेला उजेड चोहीकडे उधळतो. ही पट्टी उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते. म्हणून मागून येणाऱ्याला ती फार लांबून लखलखताना दिसते आणि ब्रेकला वेळ मिळतो.

या पट्टीच्या मानकामागेही सरकार-उद्योग भागीदारीच आहे. पुण्यात १९६६ मध्ये वाहन उद्योगाने भारत सरकारच्या साथीने ‘ए. आर. ए. आय.’ ही वाहन संशोधन संस्था उभी केली. वाहनांची मानके व तपासण्या यांचे काम तेथे चालते. अशा पट्टीसाठी ए. आय. एस. ०९० हे मानक आहे. बाजारात स्वस्त चमकी कागदही मिळतो; तो दिवसा चमकतो, रात्री दगा देतो. पट्टी घेताना मानकाचा शिक्का पाहून घ्यावा. रंगाचा नियम सोपा आहे: पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी.

५. सभासदांनी काय करावे

(अ) पट्टी ट्रॉली भरल्यावरही दिसली पाहिजे. रिकाम्या ट्रॉलीला लावलेली पट्टी लोंबत्या वाढ्यांखाली झाकून जाते. म्हणून भरून झाल्यावर उसाच्या वरून पाठीमागे चकाकणारे कापड किंवा फळी बांधावी. दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीला आणि दोन्हींच्या बाजूंनाही.

(आ) फडातून डांबरीवर येताना ओल्या फडक्याने पट्टी पुसावी. चिखल बसलेली पट्टी असून नसल्यासारखी.

(इ) गाडी बंद पडली तर शक्यतो रस्त्याखाली घ्यावी. मागे बऱ्याच अंतरावर खूण ठेवावी आणि एक माणूस बॅटरी घेऊन उभा करावा.

(ई) चाकाला लावलेला दगड निघताना उचलून टाकावा. ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतो आणि मागून येणाऱ्या दुचाकीला खाली पाडतो. सगळ्यांत स्वस्त उपाय हाच आहे आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणाराही हाच.

(उ) टेपचा आवाज इतका नसावा की मागचा हॉर्न ऐकू येऊ नये. दोन-दोन रात्री नंबराला जागलेल्या ड्रायव्हरला फेरी देऊ नये. घरचा ट्रॅक्टर असेल तर हे सांगणे तुमच्याच हातात आहे.

६. बैलगाडीचे काय?

संशोधन फक्त मोटारीसाठी असते, असे कोणी समजू नये. २०२२ मध्ये राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ऊसगाडीला पुढे, जूजवळ आधाराचे एक फिरते चाक बसवून दाखवले. बैलांच्या मानेवरचा भार त्याने हलका होतो. साखरपट्ट्यातल्या पोरांनी साखरपट्ट्यातला प्रश्न घेतला, याचे मला कौतुक वाटते. बैलांविषयी १९६५ चे केंद्राचे नियमही आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, आणि तापमान ३७ अंशांवर गेले तर दुपारी बारा ते तीन गाडी चालवू नये. ऊसगाडीच्या मागेही लाल पट्टी लावावी. गाडीवानाचा कंदील वाऱ्याने विझतो, पट्टी विझत नाही.

७. आपली भागीदारी

पनवेलच्या रस्त्यावर सरकार होते, उद्योग होता, अभ्यास करणारे होते. आपल्याकडेही तिन्ही आहेत. रस्ता बांधकाम खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा, उद्योग म्हणजे आपला कारखाना, आणि अभ्यास करणारे आपण स्वतः. यंदा प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवत आहोत. ऊसवाहतुकीत अपघात झाला किंवा होता होता वाचला, तर जागा, वेळ, उजेड होता का, पट्टी होती का, रस्त्यात खड्डा वा वळण होते का, एवढे तिच्यात लिहावे. नाव लिहिण्याची सक्ती नाही, कोणाला दोष देण्यासाठी ती वही नाही. एका हंगामात एकाच वळणावर चार नोंदी झाल्या, तर ती पाने घेऊन आपण संबंधित खात्याकडे जाऊ. नुसता अर्ज बाजूला पडतो. मोजून नेलेल्या आकड्याला उत्तर द्यावे लागते.

पुढच्या वेळी स्लिप घेताना आमच्या माणसाने ट्रॉलीच्या मागे चक्कर मारली नाही, तर त्याला सभासदाने टोकावे. मला कोणी टोकले असते तर बरे झाले असते.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न:
१) आपल्या गावाच्या रस्त्यावर रात्री सर्वांत धोक्याची जागा कोणती? का?
२) ताशी ४० किलोमीटरने चाललेली दुचाकी दीड सेकंदात किती मीटर जाते? गणित मांडा.
३) ट्रॉली भरल्यावर पट्टी दिसेल अशी बांधण्याची तुमची युक्ती कोणती?

आपला,
ऊस विकास अधिकारी