चेहरा नसलेले पादचारी

ज्युलियन ओपी हे इंग्लंडमधील आजचे एक नामांकित चित्रकार होत. त्यांचा जन्म १९५८ साली लंडन येथे झाला व कलेचे शिक्षण तेथीलच गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात झाले. त्यांच्या पुष्कळशा मुद्राचित्रांचा विषय अगदी साधा आहे: रस्त्याने चाललेली माणसे.

ही चित्रे प्रथमच पाहणाऱ्यास किंचित हसू येते. डोक्याच्या जागी केवळ एक वर्तुळ, आणि तेही धडापासून सुटे! नाक, डोळे, ओठ यांचा पत्ता नाही. जाड काळी रेषा व तिच्या आत सपाट रंग. छायाप्रकाश मुळीच नाही. रेल्वे स्थानकावरील प्रसाधनगृहाच्या दारावर असते तसलेच हे चित्र, असे कोणी म्हटल्यास त्याला आम्ही दोष देणार नाही.

परंतु दारावरील ती आकृती कोणा एकाची नसते. ओपी यांची असते. रस्त्याने जाणाऱ्या खऱ्याखुऱ्या अनोळखी माणसांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून ते संगणकावर रेषा काढतात. त्यामुळे खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा, वाऱ्याने उडालेला झग्याचा काठ, घाईचे पाऊल हे सारे त्या एका व्यक्तीचेच असते. चेहरा तेवढा गेला. माणूस मात्र राहिला. आपले चित्र निघत आहे हे ज्याला ठाऊकही नाही, त्याचा चेहरा वगळण्यात एक प्रकारचे सौजन्यही आहे, असे आम्हांस वाटते.

चालीवरून माणूस ओळखता येतो काय? स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाच्या सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके बसवून त्यास अंधारात चालावयास लावले. ठिपके स्थिर असता प्रेक्षकांस काहीच उमगेना. ते हलू लागताच कोणीतरी चालत आहे हे तत्क्षणी कळले. पुढे १९७७ साली अमेरिकेत अशाच ठिपक्यांवरून काहींनी आपले मित्रही ओळखले. अर्थात प्रत्येक वेळी नव्हे.

स्क्रीन प्रिंटिंगची रीत या चित्रांना फार मानवते. आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात तीच ही रीत. चौकटीवर ताणलेल्या जाळीचा नको तो भाग बुजवितात व उरलेल्या भागातून रबरी पट्टीने शाई खाली दाबतात. प्रत्येक रंगास निराळी जाळी लागते. म्हणून रंग सपाट व कडा स्वच्छ उमटते.

ओपी यांनी जुन्या जपानी मुद्राचित्रांचा संग्रह केला आहे. हिरोशिगे यांच्या १८५७ सालच्या एका प्रसिद्ध मुद्राचित्रात अवचित सरीत सापडलेली माणसे पूल ओलांडीत आहेत. टोप्या व छत्र्यांखाली त्यांचे चेहरे झाकले आहेत, तरी त्यांची धांदल लपत नाही. ओपी यांच्या २०१५ सालच्या सेऊलमधील पावसाच्या चित्रातही छत्र्या घेतलेले पादचारीच आहेत. सेऊलमध्येच २००९ साली एका प्रचंड इमारतीच्या दर्शनी भिंतीवर त्यांची माणसे दिव्यांच्या प्रकाशात चालू लागली.

एक उणीव मात्र आम्हांस जाणवते. रेषेची जाडी सर्वत्र सारखीच असल्यामुळे दमलेला मजूर व फिरावयास निघालेला तरुण यांतील अंतर कमी होते. आमच्या विद्यार्थ्यांनी पाण्याची भरलेली बादली नेणाऱ्या माणसाचे चित्र काढून पाहावे. बादली उजव्या हाती असता शरीर डावीकडे झुकते व डावा हात तोल सांभाळण्यासाठी बाहेर पसरतो. तेवढे साधले, तर चेहऱ्याच्या जागी वर्तुळ चालेल.